फळ्यावरचा दिनविशेष आणि पायाखालचे गाव

(ठाणे जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या दर्शनी भागातील फळा आपणांपैकी शिक्षकांना सांगावयास नको. त्यावर रोज सकाळी तिथी, वार, सुविचार आणि दिनविशेष लिहिण्याचा प्रघात आहे. मी स्वतः एकोणतीस वर्षे तो फळा लिहिला किंवा मुलांकडून लिहवून घेतला. दिनविशेषांची छापील पुस्तके बाजारात मिळतात. त्यातील दोन ओळी उतरवून काढल्या की त्या दिवसापुरते कर्तव्य संपते. कोठे तरी दूरदेशी एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्म झालेला असतो, कोठे एखादा तह झालेला असतो. प्रार्थनेच्या रांगेतून जाता जाता मुले ते वाचतात, न वाचतात. दुसऱ्या दिवशी फडके फिरते.

एका वर्षी १६ एप्रिलला फळ्यावर नेहमीचे वाक्य होते : १८५३ साली आजच्या दिवशी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. आमची शाळा ठाण्यातीलच. पाचवीतील एक मुलगा थबकून म्हणाला, ‘‘सर, हे ठाणे म्हणजे आपलेच ना? मग गाडी थांबली नेमकी कुठे?’’ मी ज्या स्थानकातून त्या दिवसापर्यंत हजारो वेळा गेलो-आलो होतो, त्याविषयीचा हा साधा प्रश्न. परंतु मला उत्तर देता आले नाही. आज मी जे काही सांगणार आहे त्याचा उगम त्या निरुत्तर होण्यात आहे.

त्या गाडीची हकीगत आपणांस ठाऊक असेल. दुपारी साडेतीनच्या पुढे बोरीबंदराहून ती निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, ओढण्यास तीन इंजिने आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. अंतर एकवीस मैलांचे. मुलांना मात्र याहून महत्त्वाची गोष्ट सांगावी लागते, ती ही की त्या दिवशी ठाणे हे शेवटचे स्थानक होते. पुढे खाडी होती आणि रूळ अलीकडेच संपत होते. खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोहोचण्यास आणखी एक वर्ष लागले. तो दिवस १ मे १८५४ चा. १ मे म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कल्याणच्या शाळेतील फळ्यावर त्या दिवशी तिसरी ओळही असावयास हवी, आणि ती मी अद्याप कोठे पाहिलेली नाही.

‘पहिली’ या शब्दाविषयी थोडे सावध राहावे, असे जाता जाता सुचवितो. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रुळांवरून गाडी चालली होती, आणि रुरकीजवळच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये माती वाहण्यासाठी इंजिन आले होते. ठाण्याची गाडी पहिली ती प्रवाशांची. हे सांगितल्याने ठाण्याचा मान रतिभरही कमी होत नाही, आणि मुलाला शब्द तोलून वापरण्याचा धडा मिळतो.

त्या प्रश्नानंतर मी वहीत बारा महिन्यांची पाने आखली आणि छापील दिनविशेष बाजूला ठेवून, ज्या घटनेची जागा शाळेतून पायी गाठता येईल तेवढ्याच घटना त्यात नोंदवू लागलो. पहिल्या वर्षी जेमतेम नऊ नोंदी झाल्या. १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, डॉ. दाऊद दळवी यांचे ‘असे घडले ठाणे’ आणि ग्रंथसंग्रहालयातील जुनी चोपडी चाळता चाळता पुढे वही भरत गेली. त्यातूनच वर्षातून चार-पाच वेळा मुलांना, आणि पुढे पालकांनाही, घेऊन पायी फिरण्याचा उपक्रम सुरू झाला. आम्ही त्याला साधेपणाने ‘फेरी’ म्हणत असू.

ठाण्याची फेरी स्थानकापासून सुरू होते आणि दोन किलोमीटरांच्या आसपास चालून कारागृहाच्या भिंतीपाशी संपते. वाटेत जांभळी नाक्याचा बाजार लागतो, मग कोपिनेश्वराचे देऊळ आणि मासुंदा तलाव. तलावाच्या परिसरातच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे, आणि पुढे टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ साली बांधलेले बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनामंदिर. मंदिर, चर्च आणि सिनेगॉग एका सकाळच्या चालीत गाठता येतात. रोज रिक्षातून जाणाऱ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याची नजर सिग्नलकडे असते.

चर्चपाशी मी मुलांना ९ एप्रिल १३२१ ही तारीख सांगतो. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्याच्या बंदरात उतरले आणि येथेच मारले गेले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. या हकीगतीतून कोणत्याही समाजाविषयी कटुता निर्माण होणार नाही याची काळजी सांगणाऱ्याने घ्यावयाची असते. मी जोर देतो तो दुसऱ्याच गोष्टीवर : सातशे वर्षांपूर्वी इटलीतील माणसे चीनला जाताना ज्या बंदरावरून जात, ते बंदर आपले ठाणे होते. मुले तलावाकडे पाहतात, मग खाडी कोणत्या बाजूला ते विचारतात, आणि भूगोलाचा एक तास फुकटात होतो.

फेरीचा गाभा मात्र कारागृह हाच आहे. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे तो मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधावयास घेतला आणि पुरा होण्यापूर्वीच १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला. १७८७ मध्ये या किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा, ताम्रपट सापडला. ‘श्रीस्थानक’ हे आपल्या शहराचे जुने नाव त्यात आहे, आणि त्याचे भाषांतर पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापले गेले. म्हणजे ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिच्याच पोटातून शहराचे जन्मनाव बाहेर आले.

मुलांना सर्वांत आवडते ती १२ सप्टेंबर १८१६ ची गोष्ट. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून येथे कैदेत होता. कैदी फितुरीने सुटू नये म्हणून इंग्रजांनी पहाऱ्यावर गोरे शिपाईच ठेवले. ही दक्षताच त्यांना नडली. एका अधिकाऱ्याच्या चाकरीस राहिलेला मोतद्दार भिंतीबाहेर घोडा खरारताना गाणी म्हणे. बाहेर घोडे कोठे आणि साथीदार कोठे याचा सारा निरोप त्या मराठी गाण्यांत असे, आणि पहारेकऱ्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते. पावसाळी रात्री त्र्यंबकजी निसटला. बिशप हीबर या इंग्रज प्रवाशाने ही कथा नोंदवून ठेवली आहे. राज्यकारभार ज्यांच्यावर करावयाचा त्यांची भाषा न शिकल्यास काय होते, हे सांगण्यास मला याहून चांगले उदाहरण सापडले नाही. येथे बसलेले अधिकारी मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे.

याच भिंतीपाशी १९ एप्रिलला मात्र आवाज खाली आणावा लागतो. १९१० साली त्या दिवशी अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या. कान्हेरे तेव्हा विशीतही पोहोचलेले नव्हते. आठवी-नववीची मुले भिंतीकडे पाहून वयाचा हिशेब मनात करतात, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून समजते.

येथे एक गोष्ट शिक्षकांसाठी म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. हे जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते आणि त्यांनी कोकणातील लोकसमजुती, देवदेवता, जत्रा, शकुन यांची माहिती प्रश्नावली पाठवून गोळा केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. त्या पुस्तकाच्या तळटीपा पाहा. पानोपानी ‘अमुक गावचा शाळामास्तर’ एवढीच नोंद आहे. मास्तरांचे नाव सहसा नाही. म्हणजे आजपासून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खेड्यांतील एकटे शिक्षक हे काम करून गेले. त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा साधने पुष्कळच कमी होती. फाशी गेलेल्या तरुणाविषयी आदर बाळगणे आणि या माहितीचे मोल मानणे, या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात. थोड्या मोठ्या मुलांना हेही सांगावे, असे माझे मत आहे.

म्हणजे ९ एप्रिल, १६ एप्रिल, १९ एप्रिल. त्यांच्या जोडीला बोरघाटातून गाडी धावली तो २१ एप्रिल १८६३ चा दिवस घ्या. त्या गाडीचा मार्ग कल्याणवरून फुटतो. एप्रिलच्या दोन आठवड्यांत सहाशे वर्षे मावतात, आणि त्यांतील तिघांच्या जागा एका तासाच्या चालीत आहेत. परीक्षेचे दिवस असतात ही अडचण खरी आहे, ऊन तर त्याहून खरे आहे.

आता कल्याणकडे वळू. कल्याण हे ठाण्याहून जुने की धाकटे हा वाद मी घालणार नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी आहेत आणि ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचे नाव आहे, एवढे पुरे. कल्याणच्या फळ्यावर दोन दिवस ठळक असावेत. पहिला २४ ऑक्टोबर. १६५७ साली त्या दिवशी कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आली. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला पाहताना आरमाराचा विषय येथूनच सुरू करता येतो, कारण पुस्तकातील ‘आरमार’ हा शब्द पाण्याकाठी उभे राहिल्याशिवाय मुलाच्या मनात तरंगत नाही.

दुसरा ३१ मार्च. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली त्या दिवशी कल्याणला झाला. नवव्या वर्षी लग्न, ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू; बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्यांच्या स्नेह्यांच्या दफनभूमीत आहेत. तेथे दगड आहे, त्यावर नाव आहे. कल्याणच्या जुन्या वस्तीत पारनाक्याच्या बाजूस मुलींना घेऊन हिंडताना एकीने विचारले होते, ‘‘बाई इथल्या, मग त्यांच्यासाठीचा दगड तिकडे का?’’ याही प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

कल्याणच्या फेरीविषयीची एक खंत सांगतो. आमच्या वहीत तेथील एका जुन्या वाड्याची नोंद होती. लाकडी खांब, चौक, दिंडी दरवाजा. दोन वर्षे आम्ही दिंडीपाशी थांबून मुलांना चौसोपी घर म्हणजे काय ते दाखविले. तिसऱ्या वर्षी त्या वळणावर गेलो तो हिरवे कापड लावलेले पत्रे आणि आतील सदनिकांचे रंगीत चित्र! चाळीस मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. मालकांना दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. गळके छप्पर, नाममात्र भाडे, बारा वारस आणि दर पावसाळ्यात येणारी धोकादायक इमारतीची नोटीस; आपण त्यांच्या जागी असतो तर निराळे काय केले असते? वाईट याचे वाटले की दोन वर्षांत मी त्या वाड्याचे एक छायाचित्र काढले नव्हते, मोजमाप घेतले नव्हते, की घरातल्या वृद्ध आजींना बांधणीचे साल विचारले नव्हते. लंडनमध्ये थोर व्यक्तींच्या घरांवर नामफलक लावण्याची योजना १८६६ पासून आहे. तेथे पहिला फलक १८६७ मध्ये लॉर्ड बायरन या कवीच्या जन्मघरावर लागला, आणि १८८९ मध्ये ते घरच पाडले गेले. फलक म्हणजे कवच नव्हे. त्या दिवसापासून आमचा नियम झाला की फेरीत थांबावयाच्या प्रत्येक जागेचे त्याच दिवशी छायाचित्र काढावयाचे आणि मागे तारीख घालावयाची.

तारखांच्या खरेपणाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण चुकीची तारीख फळ्यावर एकदा चढली की ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तो दिवस कोणता? आपल्या लोकांनी तिथी लिहिली. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुने ज्युलियन पंचांग वापरीत. त्यांनी ते १७५२ पर्यंत सोडले नाही. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवे ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. त्या काळी या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. म्हणून एकच घटना एका दप्तरात मार्चअखेरीस आणि दुसऱ्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सापडते, आणि दोन्ही कागद खरे असतात. २४ ऑक्टोबर १६५७ ही तारीखही जुन्या पंचांगाची आहे. त्या दिवशी अश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस होती. आजचे कल्याणकर तारखेने स्मरण करोत वा तिथीने, दोन्ही चालेल. पण फळ्यावर कोणती आहे ते लिहावे. शिवजयंतीच्या १९ फेब्रुवारी १६३० आणि फाल्गुन वद्य तृतीया या दोन दिवसांविषयी आपण सर्व जाणतोच.

वाचनातील चुका तर याहून मोठ्या. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचा शक डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानांनी आरंभी ७८२ असा वाचला. पुढे तो ९८२, म्हणजे १०६० सालचा ठरला. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे पुढे आले. भाऊ दाजींची चूक होऊ शकते, तर आपल्या वहीतील नोंदही खोडरबराला घाबरू नये.

आणि आपल्या शिक्षकवर्गाने केलेला एक गोड अपराध आहेच. जुन्या पिढीतील निम्म्या माणसांचा जन्म १ जूनचा! मूल शाळेत आणले, आईबापांना तारीख ठाऊक नाही, तेव्हा हेडमास्तरांनी जनरल रजिस्टरात १ जून मांडला आणि तोच पुढे सेवापुस्तकात गेला. तेव्हा गावातील कोणा थोर गृहस्थाची जयंती १ जूनला आली तर आधी चौकशी करावी. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा १ जून मात्र अस्सल आहे. विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ साली त्या दिवशी ही संस्था स्थापन केली. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे ते हेच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे. ज्या शिक्षकाला या कामास आरंभ करावयाचा आहे त्याने प्रथम या दोन ठिकाणी जाऊन बसावे.

डोंबिवलीत हे सर्व कसे करावयाचे, असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. तेथे किल्ला नाही, वेढा नाही, कोणी राजकैदी निसटलेला नाही. खरे सांगावयाचे तर मला डोंबिवलीची फेरी सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत आवडती वाटते. तेथील इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे. १९२४ साली स्थापन झालेले गणेश मंदिर, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचे तेथील वास्तव्य, फेब्रुवारी २०१७ मधील नव्वदावे साहित्य संमेलन या नोंदी सहज मिळतात. १३ ऑगस्ट हा भाव्यांचा आणि २५ सप्टेंबर हा शन्नांचा स्मृतिदिन. १९९९ पासून निघू लागलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा अनेक शहरांनी उचलली; पण तिला तारखेच्या वहीत पान देता येत नाही, कारण ती तिथीने चालते. आम्ही वहीच्या शेवटी तिथींची निराळी पाने जोडली आहेत. खरा मजकूर मात्र याच्या पलीकडे आहे. आपल्या चाळीत नळ कधी आला? शाळेची पहिली तुकडी कोणत्या पडवीत भरली? सकाळच्या लोकलला उभे राहावयास जागा मिळत असे, ते शेवटचे कोणत्या साली? मुलांनी आजी-आजोबांना हे विचारून आणले की तारीख क्वचितच मिळते, ‘अमक्याच्या लग्नाच्या वर्षी’ असे मिळते. तेही लिहून घ्यावे. लग्नपत्रिकेवर तारीख असतेच.

आता पंचायत सदस्यांकडे वळतो, कारण माझी मुख्य विनंती आपल्याकडेच आहे. शहरे वाढताना गावे पोटात घेतात. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली, कल्याणची बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ ला. डोंबिवलीच्या अवतीभोवतीची सत्तावीस गावे १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०१४ च्या १ ऑगस्टला तर जिल्हाच विभागला जाऊन पालघर निराळा झाला. हे निर्णय योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. प्रत्येक फेरबदलाच्या वेळी दप्तर हलते, हा विषय आहे.

एका गावी ग्रामपंचायतीचे कार्यालय बंद झाल्यावर काही महिन्यांनी मी गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही. करआकारणीचे रजिस्टर तेवढे वरच्या कार्यालयात गेले होते, कारण त्यावर पैसे वसूल होतात. सभांची इतिवृत्ते, जुनी पत्रे, विहिरीच्या कामाचे हिशेब कोठे आहेत, असे विचारता एका वृद्ध शिपायाने सांगितले, ‘‘गुरुजी, रद्दीवाला दोन फेऱ्यांत घेऊन गेला.’’ त्या इतिवृत्तांत काय असेल याची कल्पना करा. गावात वीज आणण्याचा ठराव, शाळेला जागा देणाऱ्याचे नाव, सार्वजनिक विहीर सर्वांना खुली केल्याचा दिवस, कारखान्यासाठी जमीन गेल्याच्या हरकती. त्र्यंबकजीची गोष्ट बिशप हीबरच्या पुस्तकात सुरक्षित आहे. त्या गावातील विहिरीची गोष्ट मात्र जगात कोठेही उरलेली नाही.

म्हणून हाती असलेली पुस्तके आधी ओळखा. सभेचे इतिवृत्त, जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर आणि शेरेबुक, तलाठ्याकडील फेरफार. शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्याने साठ वर्षांपूर्वी लिहिलेला ‘छप्पर गळते’ हा शेरा वाचून आजची मुले हसतात आणि मग वर पाहतात. जी पुस्तके नियमानुसार जपावयाची आहेत त्यांची यादी कार्यालयात असतेच; जी नष्ट करावयास मोकळीक आहे, त्यांचीही नष्ट करण्यापूर्वी एकदा पाने चाळून तारखा उतरवून घ्याव्यात. यात व्यक्तींच्या खाजगी नोंदी असतात, त्या चव्हाट्यावर आणू नयेत, हे अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सांभाळता येईल.

फेरीविषयी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. आमची पहिली फेरी फसली. चाळीस मुले, दहा वाजताचे ऊन आणि जांभळी नाक्याचा ऐन बाजार. माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही, आणि एका भाजीवाल्या मावशींनी टोपली हलविण्यावरून आम्हांला दिलेला प्रसाद रास्तच होता. तेव्हापासून पंधरा-वीस जण, रविवारची सकाळ, साडेसहाला आरंभ आणि नऊपूर्वी शेवट. पाच थांबे पुरेत, तेही सावलीचे. एका थांब्याला एकच तारीख. दोन सांगितल्या की दोन्ही विसरतात. कारागृह हे चालू कारागृह आहे, आत जाण्यास रीतसर परवानगी लागते. ती नसेल तर रस्त्यावरूनच पाहावे आणि छायाचित्राच्या फंदात पडू नये. तलावाकाठी पाणी प्यावयास दहा मिनिटे ठेवावीत, कारण खरे प्रश्न तेथेच निघतात.

शिबिर संपण्यापूर्वी प्रत्येकास बारा कोरी पाने देण्यात येतील. आपापल्या गावच्या वा प्रभागाच्या निदान तीन तारखा, जागेच्या खुणेसह आणि माहिती कोठून मिळाली त्याच्या उल्लेखासह, पुढील बैठकीस आणाव्यात. ठाण्याच्या पहिल्या गाडीची तारीख कृपया कोणी आणू नये; ती आमच्याकडे आहे. मात्र त्या दिवशी ती नेमकी कोठे थांबली हे दाखविणारा जुना नकाशा कोणाजवळ असेल, तर तो अवश्य आणावा. प्रश्न विचारणारा तो मुलगा आता स्वतः शिक्षक आहे, आणि अजूनही भेटला की तेच विचारतो.